प्रति: दलवाईंनंतर पुढे काय?

वर कुणीतरी म्हटलंय की इस्लाममधल्या सुधारणेचा विचार म्हणजे मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई आणि त्यापुढे सगळा सन्नाटा. दलवाई ग्रेटच, पण त्याच काळात तिकडे पाकिस्तानात इस्लामचे अभ्यासक फजलुर रहमान काय करत होते तेही बघा की.

त्यांचे वडील देवबंदच्या मदरशात शिकलेले, घरीच धर्माचं शिक्षण झालं, मग लाहोर आणि तिथून थेट ऑक्सफर्ड, तिथे मध्ययुगीन तत्त्वज्ञ इब्न सीनावर डॉक्टरेट, मग डरहॅम आणि मॅकगिल विद्यापीठांत शिकवणं. चांगलं सेटल झालेलं करिअर सोडून हा माणूस लष्करी राष्ट्राध्यक्ष अयूब खानच्या काळात इस्लामी संशोधन संस्था चालवायला परत गेला! बँकेचं सगळंच व्याज म्हणजे कुराणातला 'रिबा' (निषिद्ध ठरवलेलं व्याज) नाही, कुराण पूर्णपणे ईश्वराचं आहे आणि तरी एका अर्थाने पैगंबरांचंही आहे, असं लिहिल्यावर मौलवी खवळणारच. १९६८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. (अयूबविरोधी राग पण यांच्यावर निघाला असं माझं मत.)

पुढे १९८८ मध्ये वारेपर्यंत शिकागो विद्यापीठात शिकवलं. मांडणी साधारण अशी, आधी त्या काळात जाऊन एखादी आज्ञा का आली ते बघायचं, त्यातलं नैतिक सूत्र काढायचं आणि मग आजच्या परिस्थितीत ते लावायचं. दलवाई धर्माच्या बाहेर उभं राहून बोलत होते, फजलुर रहमान आतून. इंडोनेशियाचे मुस्लिम विचारवंत नुरचोलिश मजीद हे रहमान यांचेच विद्यार्थी, तिथे रहमान यांचा प्रभाव बराच पडला.

फक्त ते नैतिक सूत्र नेमकं कुठलं हे ठरवणार कोण, इथे मला ते जरा ढिले वाटतात.