१९६६ची फोर्ड एफ-१०० घरच्या गॅरेजमध्ये : आधी पूर्ण उघडावी की आधी चालती करावी?

कोलंबसकर

नमस्कार मंडळी,

मी ओहायोतील कोलंबसजवळ राहतो. पोटापाण्याचा उद्योग संगणकाचा आहे आणि यंत्रांशी आलेला माझा संबंध साताऱ्यात वडिलांच्या चेतकचा प्लग साफ करण्यापलीकडे आणि क्लचची केबल बदलण्यापलीकडे कधी गेला नाही. गेल्या महिन्यात एका शेतावरच्या कोठारात अकरा वर्षे उभी असलेली १९६६ची फोर्ड एफ-१०० पिकअप मी विकत घेतली. गाडीचा क्रमांक 'एफ १० बी' असा सुरू होतो, म्हणजे तिच्यात कारखान्यातून ३०० घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन आले होते, आणि आजही तिच्यात तेच इंजिन दिसते. गिअर तीन असून त्यांचा दांडा आपल्या जुन्या अँबॅसिडरसारखा स्टिअरिंगच्या खांबावर आहे. हौदा आठ फुटी असून बऱ्यापैकी शाबूत आहे. चालकाच्या पायाखालचा पत्रा मात्र इतका कुजला आहे की रबरी मॅट उचलली की खालची फरशी दिसते, आणि केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत पूर्वीच्या कोणीतरी पुट्टी भरून ठेवली आहे.

माझा मुख्य प्रश्न कामाच्या क्रमाचा आहे. व्हिडिओंमध्ये बहुतेक जण गाडी चासीपर्यंत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, उघडतात, एकेक भाग रंगवतात आणि मग जोडतात. माझ्याकडे दोन गाड्यांचे गॅरेज आहे, त्यातली एक जागा सौभाग्यवतींच्या गाडीसाठी राखीव आहे, आणि वेळ म्हणाल तर शनिवार-रविवार. अशा परिस्थितीत मी कुठून सुरुवात करावी? वेल्डिंग स्वतः शिकणे शहाणपणाचे ठरेल का? आणि बॅटरी लावून एकदा इंजिन फिरवून पाहण्याचा मोह होत आहे, तो आवरावा का?

डेट्रॉइटच्या वेशीवरून

कोलंबसकर, गाडीबद्दल अभिनंदन. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मोह आवरा. कारण पुढे कोणीतरी सविस्तर सांगेलच.

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे आणि ते मी स्वतःच्या खर्चाने मिळवले आहे. माझी पहिली पिकअप मी एका उन्हाळ्यात चासीपर्यंत उघडली, बोल्ट कॉफीच्या डब्यांत भरले, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि चार वर्षांनी त्या चिठ्ठ्यांवरची शाईसुद्धा पुसट झाल्यावर ती गाडी खोक्यांसकट निम्म्या किमतीत विकली. दुसरी गाडी मी कधीच पूर्ण उघडली नाही. एका वेळी एकच भाग काढायचा, तो पुरा करून बसवायचा, आणि दर महिन्यादोन महिन्यांनी गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजबाहेर आली पाहिजे, एवढाच नियम पाळला. हौशी माणसाचा उत्साह टिकतो तो गाडी चालवण्यावर. सुटे भाग मोजत बसणाऱ्याचा हिवाळ्यातच संपतो.

चालती करण्याआधी ती थांबली पाहिजे, म्हणून सुरुवात ब्रेकपासून करा. या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणारा भाग, एका कप्प्याचा आहे. याचा अर्थ असा की चारांपैकी कोणत्याही एका चाकाचा व्हील सिलिंडर (त्या तेलाच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा) किंवा रबरी होज फुटला, तर पेडल थेट तळाला जाते आणि चारही चाकांचे ब्रेक एकदमच जातात. १९६७च्या मॉडेलपासून फोर्डने दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर दिला. तो तुमच्या गाडीला बसवता येतो, मात्र पुशरॉडची (पेडलपासून त्याच्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची) लांबी जुळवावी लागते आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या लाइन, म्हणजे तेलाच्या नळ्या, वेगळ्या करून घ्याव्या लागतात. माझ्या मते या गाडीत मूळपणाचा हट्ट सोडावा अशी ही पहिली जागा आहे. स्टीलच्या लाइन, होज आणि व्हील सिलिंडर सगळे नवे घाला. अकरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीत त्यातले काहीही वाचवण्यासारखे नसते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, कारण जुन्या लायनिंगमध्ये (ड्रमला घासणाऱ्या अस्तरात) फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ती ओली करूनच पुसून घ्या.

पत्रेवाला, टेक्सास

वरच्या मताशी मी निम्मा सहमत आहे. ब्रेक आधी, हे मान्य. परंतु गाडी ओहायोची आहे, आणि तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. आमच्याकडच्या कोरड्या हवेतल्या गाडीला लावलेला नियम तिला जसाच्या तसा लागू होणार नाही. ब्रेकवर एक डॉलरही खर्च करण्याआधी गाडीखाली जा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टांगण्या जिथे चासीला जडल्या आहेत तिथे आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर हातोडीने ठोकून पाहा. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. चासीच तिथे गेली असेल, तर ती गाडी उघडावीच लागेल आणि मग वरचा सगळा सल्ला बदलतो. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका आणि सिमेंटचे ठोकळे तर अजिबात वापरू नका, कारण ते कसलीही पूर्वसूचना न देता फुटतात.

वेल्डिंग जरूर शिका, कारण अशा गाडीच्या पत्र्याचे काम बाहेर द्यायचे म्हटले तर मजुरी गाडीच्या किमतीवर जाते. गॅसवर चालणारे छोटे मिग यंत्र (तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंगचे यंत्र), ०.०२३ इंची तार आणि ७५ टक्के आरगॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण एवढे पुरते. बिनगॅसची फ्लक्सवाली तार स्वस्त पडते, पण ती इतकी तापते की नवशिक्याच्या हातून पातळ पत्र्याला भोके पडतात. सलग शिवण कधीही मारू नका. इंच-इंच अंतरावर एकेक टाका द्या, गार होऊ द्या, मग मधली जागा भरा, नाहीतर पत्रा पापडासारखा वळतो. आधी भंगारातल्या मडगार्डवर दोन-तीन शनिवार हात बसवा.

तुमच्या गाडीबाबत दोन गोष्टी विशेष सांगतो. पहिली, या मॉडेलची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे असते. फ्लोअरवर ठिणगी पाडण्याआधी ती पूर्ण काढून गॅरेजबाहेर, लांब ठेवा. रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण भरलेल्या टाकीपेक्षा वाफ साठलेली रिकामी टाकी जास्त घातक असते. दुसरी, दाराखालचा पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या सळ्या तात्पुरत्या वेल्ड करून घ्या आणि एका वेळी एकच बाजू कापा. केबिन दोन-तीन मिलिमीटर जरी बसली, तरी नंतर दार कधीच नीट लागत नाही.

कोपऱ्यांतल्या पुट्टीवर (आपल्याकडचे रंगारी तिला लांबी म्हणतात) चुंबक फिरवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्राच उरलेला नाही असे समजा.

जीपवाला, पुणे

माझी गाडी वेगळी आहे. महिंद्राने विलीजच्या परवान्यावर बांधलेली जुनी जीप मी कोथरूडच्या पार्किंगमध्ये सहा वर्षे दुरुस्त करत आहे. तरीही इंजिनाबद्दल लिहितो, कारण बंद पडून राहिलेल्या इंजिनाचे दुखणे सगळीकडे सारखेच.

अकरा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. स्टार्टरने जोर दिला तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडा पडतो, आणि साध्या साफसफाईचे काम बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्यावर, जाते. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडे पातळ तेल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, आणि मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवा. कुठे अडले तर जोर न लावता थांबा आणि पुन्हा तेल सोडा. पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले, की इंजिन ऑइल बदलून, प्लग बाहेरच ठेवून, स्टार्टरने फिरवा. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजा. जुन्या टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत अजिबात जाऊ देऊ नका. पहिल्यांदा सुरू करताना बाहेरच्या छोट्या डब्यातून ताजे पेट्रोल द्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते जुने रबर खाते, त्यामुळे होज आणि पंपाचा पडदा दोन्ही बदलावे लागतील.

इंजिन मात्र तुम्हाला नशिबाने चांगले मिळाले आहे. ३०० घनइंचांचे हे इंजिन १९६५ ते १९९६ पर्यंत फोर्डच्या पिकअपमध्ये येत होते, त्यामुळे त्याचे भाग तुम्हाला घरपोच मिळतील. आम्ही एका गॅस्केटसाठी जुन्या बाजारात तीन-तीन रविवार घालवतो, म्हणून थोडा हेवाही वाटला.

कोलंबसकर

सर्वांचे मनापासून आभार. पत्रेवाल्यांच्या सांगण्यावरून काल चारही स्टँड लावून गाडीखाली गेलो. चासी सगळीकडे खणखणीत वाजली, फक्त केबिन ज्या टेकूंवर बसते त्यांतला चालकाच्या बाजूचा पुढचा टेकू स्क्रूड्रायव्हरने टोचताच भुसभुशीत निघाला. चासीवरचा छापलेला क्रमांक तारेच्या ब्रशने घासून काढला आणि तो मालकीच्या कागदाशी जुळला, ही मोठी चिंता मिटली. टाकी उतरवून अंगणाच्या टोकाला ठेवली आहे. सहाही प्लग निघाले. पाचव्या सिलिंडरमध्ये थोडा गंज दिसतो, तेल सोडून ठेवले आहे.

आता हिवाळाभर ब्रेक आणि तो टेकू एवढेच करायचे ठरवले आहे. एक शंका उरते : टेकू बदलताना केबिनचा त्या बाजूचा भार कशावर तोलावा?

पत्रेवाला, टेक्सास

दारे बंद ठेवा. केबिनच्या तळाला जिथे जाड पत्र्याची आडवी पट्टी आहे तिथे जाड लाकडी फळी लावून जॅकने फक्त भार घ्या, केबिन उचलू नका. उरलेल्या टेकूंचे बोल्ट आधी सैल करून ठेवा, म्हणजे केबिनला पीळ पडणार नाही. काम सुरू करण्याआधी दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून चिकटपट्टीवर लिहून ठेवा आणि नवा टेकू पक्का वेल्ड करण्यापूर्वी पुन्हा मोजा. पाचव्या सिलिंडरचे काय होते तेही कळवा.