चर्चा: आयर्लंडच्या सेनेटमधले येट्स यांचे १९२५चे भाषण आणि सेनेटरच्या शब्दाचे मोल

लिफीकाठचा:

डब्लिनला येऊन नऊ वर्षे झाली, पण किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाउसमध्ये बसून सेनेटचे, म्हणजे आयर्लंडच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, कामकाज पाहण्याचा योग गेल्या महिन्यात आला. सभागृह फारच लहान आहे, एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यासारखे. मुळात ते एका उमरावाच्या घरातले दालनच आहे. छतावरचे चुन्याचे नक्षीकाम मान वर करून पाहत राहावे इतके नाजूक. सभासद ६०, पण त्या दुपारी आठ-दहाच हजर होते. एक सेनेटर अपंगांच्या सोयींविषयी मोठ्या तयारीने बोलत होत्या. त्यामुळे कोणाचे मत फिरेल असे वाटत नव्हते, तरी त्यांचा शब्द न् शब्द टिपला जात होता.

तिथे बसल्या बसल्या मला कवी येट्स आठवले. ते १९२२ ते १९२८ सेनेटर होते. स्वातंत्र्यापूर्वी आयर्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा असेल तर लंडनच्या संसदेकडून खास विधेयक मंजूर करून घ्यावे लागे. नव्या राष्ट्रात ही वाटही बंद करावी, असा कल कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे डॉलने, १९२५च्या आरंभी दाखवला. ११ जूनला सेनेटमध्ये येट्स या प्रश्नावर बोलले. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की, एकाच, म्हणजे कॅथलिक, धर्मपंथाची शिकवण सर्वांवर कायद्याने लादली तर फाळणीने तुटलेला उत्तरेकडचा प्रोटेस्टंट मुलूख कधीही परत येणार नाही, राष्ट्राच्या मधोमध पाचर ठोकली जाईल. हे ऐकायला तेव्हा फारसे कोणी तयार नव्हते. १९३७च्या राज्यघटनेने तर घटस्फोटाचा कायदा करण्यासच मनाई केली.

तरीही माझे मत असे आहे की, वरिष्ठ सभागृहातल्या माणसाचे काम केवळ कायदा अडवणे हे नाही. आज सेनेट साधे विधेयक ९० दिवस आणि अर्थविधेयक २१ दिवसच लांबवू शकते, म्हणजे अडवण्याचे बळ त्याला जवळपास नाहीच. बहुमताच्या निर्णयाची किंमत कोणाला मोजावी लागणार, हे त्याच वेळी, तोंडावर सांगून इतिवृत्तात नोंदवून ठेवणे हेच त्याचे मोठे काम आहे, आणि येट्स यांनी ते केले.

शतपावली:

लिफीकाठचा, आपला आदर्शच मला चुकीचा वाटतो. त्या भाषणाचा शेवट आपण सोडून दिलात. आम्ही, म्हणजे आयर्लंडमधले प्रोटेस्टंट, कोणी क्षुद्र लोक नाही, युरोपातल्या थोर वंशांपैकी एक आहोत, बर्क, ग्रॅटन, स्विफ्ट, एमेट, पार्नेल हे आमचे, या देशाचे आधुनिक साहित्य बहुतांशी आम्ही निर्माण केले, असे येट्स त्या सभागृहात म्हणाले. ज्या कॅथलिक समाजाने शतकानुशतके जमिनीचा खंड भरला, ज्याच्या पूर्वजांना धर्मावरून शाळा आणि मतदान नाकारले गेले, त्याच समाजाच्या प्रतिनिधींपुढे हे शब्द उच्चारले गेले. इंग्रज नौसेनापती नेल्सन आणि आयरिश नेते पार्नेल व ओकॉनेल या तिघांच्या डब्लिनमधल्या पुतळ्यांचा दाखला देऊन त्यांच्या खासगी वर्तनावर बोट ठेवायचेही त्यांनी बाकी ठेवले नाही. जेम्स डग्लस या क्वेकर (एका लहान ख्रिस्ती पंथाच्या) सेनेटरांनी आणलेल्या मधल्या वाटेच्या ठरावावर ही चर्चा चालू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा भाषणाने त्या वाटेचे किती भले झाले असेल ते दिसते. ज्याला समोरच्याचे मन वळवायचे असते, तो त्याला हिणवत नाही. १९८६च्या सार्वमतातही घटस्फोट फेटाळला गेला. १९९५च्या सार्वमतात तो मंजूर होईपर्यंतच्या ७० वर्षांत त्या भाषणाने एकही जोडपे मोकळे झाले नाही.

मला सेनेटर पाहिजे तो ओवेन शीही-स्केफिंग्टन यांच्यासारखा. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर शाळांतल्या मारहाणीचा प्रश्न त्यांनी सेनेटमध्ये लावून धरला. त्यांची पद्धत पाहा. केवळ धडा आला नाही म्हणून मुलाला मारू नये, असे सरकारचा स्वतःचाच नियम सांगत होता, आणि शाळांत तर शुद्धलेखन चुकले की हातावर चामड्याचा पट्टा बसत होता. त्यांनी नियम आणि वर्तन शेजारी शेजारी ठेवून मंत्र्यांना जाब विचारला. आपल्या थोरवीचा उच्चार नाही, अलंकार नाहीत.

निंबोणी:

आपण दोघे शैलीवर भांडत आहात, पण शतपावली, आपण निकालाची कसोटी लावता आणि आपलेच उदाहरण त्या कसोटीवर टिकत नाही. शीही-स्केफिंग्टन १९७० साली गेले आणि शाळांतला मार १९८२ साली बंद झाला. जे माप येट्स यांना, तेच यांनाही लावावे लागेल.

माझा मुद्दा वेगळा आहे. असे बोलण्याची मोकळीक या लोकांना कोठून मिळाली? येट्स सरकारने नेमलेले होते. शीही-स्केफिंग्टन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन, समलिंगींच्या हक्कांसाठी लढलेले डेव्हिड नॉरिस हे तिघे ट्रिनिटी कॉलेजच्या पदवीधरांनी निवडून दिलेले. कंत्राटदारांची अडकलेली बिले मिळावीत म्हणून स्वतः विधेयक आणून ज्यांनी ते २०१३मध्ये कायद्यापर्यंत नेले, ते सुपरमार्केटवाले फर्गल क्विनही विद्यापीठाच्याच जागेवरचे. पाच व्यावसायिक गटांतून जे ४३ सेनेटर येतात, त्यांना मत देणारे नगरसेवक आणि खासदार मिळून हजाराच्या थोडे पुढे भरतात आणि बहुतेक सगळे पक्षांचे बांधलेले असतात. या ४३ जणांमधून अशी नावे सहसा पुढे येत नाहीत, यातच सर्व आले.

मात्र ही मोकळीक फार थोड्यांच्या मतांवर उभी होती. आपल्याकडे विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आहेत, पण तिथे पदवी कोणत्या विद्यापीठाची हे कोणी विचारत नाही. आयर्लंडमध्ये विचारत होते. इतर संस्थांच्या पदवीधरांना मत देण्याची मुभा देणारी घटनादुरुस्ती १९७९मध्ये लोकांनी मंजूर केली, आणि ती सरकारांनी चार दशकांहून अधिक काळ अमलातच आणली नाही. अखेर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी कायदा बदलला. म्हणून सेनेटमधल्या भाषणांचा मोठेपणा सांगताना, ती भाषणे करायला कोणाला पाठवायचे हे ठरवण्याचा अधिकार किती जणांना नाकारला होता, हेही सांगायला हवे.

शतपावली:

निंबोणी, मापाबद्दल आपण धरलेत ते बरोबर धरलेत, मी माझे शब्द मागे घेते. पण मग सरळ प्रश्न येतो, की असे सभागृह ठेवावेच कशाला? ४ ऑक्टोबर २०१३च्या सार्वमतात ४८.३ टक्के लोकांनी ते बंद करा असे सांगितले आणि ५१.७ टक्क्यांच्या निसटत्या बहुमताने ते वाचले. मतदानाला आले अवघे ३९ टक्के. प्रामाणिकपणे सांगते, मी तिथली मतदार असते तर बंद करण्याच्या बाजूने मत दिले असते.

लिफीकाठचा:

येट्स यांच्या भाषणातल्या अहंकाराचे समर्थन मला करता येणार नाही, आणि शतपावलींचे शब्द वाचून मी ते पुन्हा वाचले तेव्हा तो मला आधीपेक्षा जास्त बोचला. पण त्याच माणसाचे दुसरे काम माझ्या टेबलावर आहे. नव्या राष्ट्राच्या नाण्यांची समिती येट्स यांच्या अध्यक्षतेखाली बसली होती. १९२८च्या त्या नाण्यांपैकी जुनी पेनी मी इथल्या एका दुकानातून घेतली. एका बाजूला वीणा आणि दुसऱ्या बाजूला पिलांसह कोंबडी, राजाचे डोके कुठेही नाही. दोन्ही पंथांच्या शेतकऱ्यांना सारखीच आपली वाटावीत अशी ती चित्रे आहेत. भाषणात जे समंजसपण दिसत नाही ते इथे हाताला लागते, आणि दोन्ही गोष्टी त्याच सेनेटरच्या त्याच सहा वर्षांतल्या आहेत.

बंद करण्याविषयी मात्र मी ठाम विरोधात आहे, आणि कारण मेरी रॉबिन्सन. १९७१मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह गर्भनिरोधक साधनांवरची बंदी उठवणारे विधेयक सेनेटमध्ये आणले. तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. डब्लिनच्या आर्चबिशपांनी असा कायदा देशाला शाप ठरेल अशा आशयाचे पत्र चर्चमधून वाचून दाखवायला लावले. सेनेटने विधेयकाच्या पहिल्या वाचनालाच परवानगी नाकारली, आणि पहिले वाचन नाही म्हटल्यावर त्याचा मसुदा छापूनही निघू शकत नव्हता. म्हणजे लोकांना तो वाचायलाही मिळणार नव्हता. परवानगी मागताना त्या उभ्या राहून जे बोलल्या तेवढेच इतिवृत्तात राहिले. त्या उभ्या राहण्यासाठी जागा लागते, शतपावली, आणि १९७१च्या डॉलमध्ये ती त्यांना कोणत्या पक्षाने दिली असती ते मला सांगा.