गोराईत व्हॅन लावून राहायचं तर

व्हॅनमध्ये राहताना सोलरवर एसी चालेल का, असं एकाने विचारलंय. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं गोराईला (मुंबईच्या उत्तरेकडचं समुद्रकाठचं गाव) एका ओळखीच्या वाडीत सात आठवडे व्हॅन लावून राहिलो, त्यावरून सांगतो. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. पाऊण टनाचा एसी तीनेक तासांत ती चाटूनपुसून साफ करतो. पंखा, छोटा फ्रिज आणि दिव्यांवर भागवा.

पण उकाड्यापेक्षा खारा वारा जास्त छळतो. दुसऱ्याच आठवड्यात सरकत्या दाराचा रूळ करकरायला लागला, बॅटरीच्या तांब्याच्या लग्जवर (वायरच्या टोकाला बसवलेल्या जोडपट्ट्यांवर) हिरवट थर धरला. मग काय, दर तीन दिवसांनी गोड्या पाण्याने गाडीची खालची बाजू धुवायची आणि लग्जना पेट्रोलियम जेली फासायची. (हिची व्हॅसलिनची डबी त्यातच संपली, ते अजून ऐकतोय.) आणि हे गोडं पाणी विहिरीवरून बादल्यांनी आणायचं!

बोरिवलीहून खाडीपार गोराईला येणाऱ्या बोटीत दुचाकी चढते, व्हॅन नाही. रस्त्याने भाईंदर-उत्तनवरून या. वाळूत मात्र गाडी अजिबात घालू नका, भरती तुमच्या टोइंगवाल्याची वाट बघत नाही.