पाजत असतानाही राहतं, ताई

धाकटं आठ महिन्यांचं, थोरला तीन वर्षांचा आणि गरोदरपणाच्या चाचणीत पुन्हा दोन रेघा, हे तुमचं वाचून पोटात कालवलं. 'अंगावर पाजतेस, मग राहिलं कसं?' हा सासूबाईंचा प्रश्न मलाही झेलावा लागला होता. राहतं. पाजण्याचा आडोसा पहिले सहा महिनेच, तोही बाळ निव्वळ अंगावर असेल आणि पाळी परत आली नसेल तरच. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळं चुकली हे कळतच नाही. मला रंकाळ्यावर भेळेच्या वासानं मळमळलं, तेव्हा शंका आली. घरी न्हाणीचं दार लावून रडले, बाहेरून लेक दार वाजवत होती.

आधी सोनोग्राफी करून आठवडे किती ते बघा, कारण पाळीच्या तारखेवरून तुमचा हिशेब लागणार नाही. सिझर झालं असेल तर आवर्जून सांगा. इतक्या लवकर राहिलं की जुन्या टाक्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

ठेवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. गर्भनिरोधक साधन फसून राहिलेला गर्भ 20 आठवड्यांपर्यंत मान्यताप्राप्त दवाखान्यात कायद्यानं पाडता येतो. संमती फक्त तुमची लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी मात्र घेऊ नका, कळकळीनं सांगते.

मी ठेवलं. आई मंगळवार पेठेतून रोज दुपारी यायची, म्हणून निभलं. तुमच्याकडं दुपारचे दोन तास पोरांना धरायला कोण आहे?