दोरी ओढली की होडी पुढे उडी मारते, काय करू? लवकर सांगा

कादवाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, डोकं फिरलंय. इंजिन चालू करायला दोरी ओढली की होडी एकदम पुढे झेप घेते. काल धाकटा भाऊ खाद्याची गोणी धरून पुढच्या फळीवर उभा होता, गोणीसकट पाण्यात गेला. पोहता येतं म्हणून निभावलं. उद्या सकाळी सहाला धरणातल्या मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर जायचंच आहे, मासे काही थांबत नाहीत, आणि मेकॅनिक फोन उचलत नाही. काहीही उपाय सांगा, फक्त नवीन इंजिन घ्या म्हणू नका.

सातपूर_फिटर
किती एचपी? टू स्ट्रोक का फोर? मागे बसून हँडल धरायचं की पुढे स्टिअरिंग आणि लिव्हर? धरण कुठलं, दारणा की मुकणे?

कादवाकाठ
पंधरा एचपी, टू स्ट्रोक, मागे बसून हँडल. त्याने काय फरक पडतो? धरणाचं राहू द्या.

तेलवाले_आबा
पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता ते आधी सांगा. ५० लिटरला १ लिटर, आणि नवीन इंजिन असेल तर सुरुवातीला २५ ला १. निम्मे प्रॉब्लेम तिथेच असतात.

वेंगुर्ल्याचा_जावई
आबा, ऑइलने होडी उडी मारत नाही हो. धागाकर्ते, तुमचं इंजिन गियरमध्ये असताना स्टार्ट होतंय. पण असं व्हायला नको, कारण या इंजिनांना लिव्हर न्यूट्रलला नसेल तर दोरी निघतच नाही, आत लॉक असतं. तुमची निघते म्हणजे ते तुटलंय नाहीतर कोणीतरी काढलंय.

कादवाकाठ
हो, ते दिवाळीत काढलं. दोरी मधेच अडकायची म्हणून मेकॅनिकने वरची एक बारकी केबल काढून टाकली. तेव्हापासून मस्त चालतं.

सातपूर_फिटर
मस्त??? अहो भाऊ, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना! दोरी अडकत होती कारण गियर पूर्ण सुटतच नव्हता. वरचा लिव्हर न्यूट्रल दाखवतो पण लिंकेजची, म्हणजे लिव्हरपासून गियरपर्यंतच्या जोडणीची, अॅडजस्टमेंट हललेली असते, मग खाली क्लचचे दात अजून गुंतलेले. लॉक बरोबर सांगत होतं आणि तुम्ही सांगणाऱ्यालाच काढलं. आत्ता बघा, इंजिन बंद, प्लगच्या दोन्ही टोप्या काढून ठेवा, लिव्हर न्यूट्रलला करा आणि होडी ढकलणारा पाण्यातला पंखा हाताने फिरवा. दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे. एका बाजूला अडकला किंवा कट कट वाजला तर तिथेच घोळ आहे.

गंगापूर_रोड_मिसळ
मला एक कळत नाही, पिण्याच्या पाण्याच्या धरणात ही पेट्रोलची इंजिनं हवीतच कशाला? बॅटरीची मोटर लावा, मी तीच वापरतो, आवाज नाही, धूर नाही.

वेंगुर्ल्याचा_जावई
तुम्ही हौसेला गळ टाकायला जाता, त्यांना गोण्या न्यायच्यात. कादवाकाठ, लाल दोरीची क्लिप आहे ना? किल स्विचची? दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायची, तो पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं, ती?

कादवाकाठ
ती कधीच हरवली. क्लिप नसली की इंजिन लागत नाही म्हणून मामांनी निळ्या पाइपचा तुकडा कापून खाचेत ठोकलाय. बंद करायला बटण आहे की.

वेंगुर्ल्याचा_जावई
आणि बटण दाबणाराच पाण्यात असला तर? हँडल सुटलं की इंजिन एका अंगाला वळतं आणि होडी गोल गोल फिरून पडलेल्या माणसावरच परत येते. आमच्याकडे बंदरात बघितलंय, आठवलं तरी नको वाटतं. काल भाऊ पुढून पडला आणि होडी पुढेच चाललेली, पंखा मागे आहे हे लक्षात घ्या.

दर्या_दादा
वीस वर्षं चालवतोय, एकदाही ती क्लिपची दोरी लावली नाही. मनगटात अडकते, जाळं ओढताना इंजिन उगाच बंद पडतं. पोरांना बसून राहायची शिस्त लावा.

सातपूर_फिटर
दादा, मनगटात अडकते तर मांडीला नाहीतर लाइफ जॅकेटला लावा. वीस वर्षं पडला नाहीत म्हणून पडणारच नाही असं आहे का? आणि कोणी पाण्यात असेल तर न्यूट्रलवर विसंबू नका, इंजिन बंदच करा. या भाऊंचं न्यूट्रल काय लायकीचं आहे ते दिसतंच आहे.

कादवाकाठ
भांडू नका राव. पंखा बघितला, सरळ नाही फिरत, लिव्हर मागच्या बाजूला जरा ढकलला की सुटतो. मग तेवढं ढकलून सकाळी जाऊ का?

सातपूर_फिटर
नाही. आज ढकलून सुटेल, उद्या धक्क्याने परत गुंतेल. लिंकेज सेट करून घ्या, ती केबल परत बसवा, तोवर वल्ह्यांनी जा. आणि पुढे गियर टाकताना स्पीड पूर्ण कमी करून एका झटक्यात टाका, हळूहळू सरकवलं की दात झिजतात. पुढून थेट रिव्हर्सला तर नकोच.

कादवाकाठ
वल्ह्यांनी गेलो, हाताला फोड आले. केबल मेकॅनिकच्या डब्यात चिंधीखाली होती, तो उद्या बसवतोय, फुकट बसव म्हटलं. आणि लाल क्लिप सापडली! मामांच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, खूण म्हणून अडकवलेली. दोन वर्षं रोज हातात होती.

दर्या_दादा
आता किल्ल्या पाण्यात पाडू नका.

तेलवाले_आबा
ऑइलचं प्रमाण अजून सांगितलं नाहीत.