लेबलचा करार आलाय, सही करण्याआधी काय बदलून मागावं?

पंचम_नाशिक:

नमस्कार मंडळी. माझी चार मराठी गाणी तयार आहेत. चाल आणि गायन माझं, शब्द मित्राचे, संयोजन एका अरेंजरचं. रेकॉर्डिंगपासून मास्टरिंगपर्यंतचा खर्च मीच केलाय. आता मुंबईच्या एका लेबलने, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीने, करार पाठवलाय. थोडक्यात असं आहे: ही चार गाणी आणि पुढच्या तीन वर्षांत नवी सहा, तोवर दुसऱ्या कुणासाठी गायचं नाही. "सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत" लेबलकडे. आगाऊ दीड लाख, पुढे निव्वळ उत्पन्नाचे २० टक्के, पण आगाऊ रक्कम, व्हिडिओ आणि प्रसिद्धीचा खर्च वसूल झाल्यावर. मुदत संपल्यावरही दोन वर्षं बाहेरचा प्रस्ताव आधी त्यांना दाखवायचा, त्यांनी तेवढेच पैसे दिले तर त्यांच्याकडेच राहायचं. आठ दिवसांत सही हवी म्हणतात. कुठे अडून बसू आणि कुठे सोडून देऊ?

कलमवाला:

पैशांचं नंतर. आधी तुम्ही देताय काय ते बघा. एका गाण्यात चार वेगवेगळे हक्क असतात: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण म्हणजे मास्टर, आणि गायकाचा सादरीकरणाचा हक्क. "सर्व हक्क" या दोन शब्दांत चारही एकदम जातात.

शब्द मित्राचे आहेत, तेव्हा ते तुम्ही देऊच शकत नाही. त्याची सही वेगळ्या करारावर हवी. मास्टर मात्र तुमचा आहे. ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, ही कायद्यातली व्याख्या. खर्च आणि बुकिंग तुमचं असेल तर मालक तुम्ही. त्यामुळे करारात या चार गाण्यांसाठी "लेबलने निर्माण केलेली" किंवा "लेबलच्या नेमणुकीखाली केलेली" असं काही लिहिलं असेल तर ते वाक्य काढायला लावा. त्या एका वाक्याने मालकी पहिल्या दिवसापासून त्यांची ठरू शकते आणि मग परत मागायला काही उरत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ आणि त्यातली २०१२ ची दुरुस्ती तुमच्या बाजूने बरीच आहे. कलम १८ नुसार संगीतकार आणि गीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (सदस्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) देता येतो. "एकरकमी मोबदल्यात रॉयल्टीचा हक्क सोडला" असं लिहून सही घेतली तरी ते कलम रद्दबातल. त्याच कलमात असंही आहे की जे माध्यम आज अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नाही, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क जात नाहीत. "पुढे येणारी सर्व माध्यमं" अशी मोघम भाषा काढून टाका आणि माध्यमांची यादी परिशिष्टात मागा: स्ट्रीमिंग, यूट्यूब, कॉलर ट्यून, रील्स, टीव्ही, चित्रपट, जाहिरात. शेवटच्या दोन ठिकाणी तुमची लेखी परवानगी आवश्यक ठेवा. आणि एक ओळ घालायला लावा: आवाजाची एआय नक्कल किंवा एआय प्रशिक्षणासाठी वापर नाही.

कलम १९ नीट वाचा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हस्तांतरणानंतर वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो आपोआप संपतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. मसुद्यात मागच्या पानांवर "कलम १९(४) लागू नाही" असं वाक्य दडलेलं असतं. ते शोधा आणि खोडा. नाहीतर गाणी त्यांच्या हार्ड डिस्कवर पडून राहतील आणि तुम्हाला ती कुठेच देता येणार नाहीत.

मुदतीनंतरच्या दोन वर्षांची काळजी त्या मानाने कमी. झहीर खानच्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमकी अशीच, मुदतीनंतर प्रस्ताव आधी दाखवण्याची अट कंत्राट कायद्याच्या कलम २७ खाली अमान्य केली होती. तरीही ती काढायलाच सांगा. कोर्टात जिंकण्यात वर्षं जातात आणि तोवर दुसरं लेबल तुमच्याजवळ यायला कचरतं.

हिशेब_तपासा:

२० टक्के हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. खर्च कशातून वसूल होणार ते विचारा.

समजा आगाऊ १.५ लाख, व्हिडिओ ४ लाख, प्रसिद्धी २ लाख. एकूण ७.५ लाख. ही वसुली एकूण उत्पन्नातून असेल तर ७.५ लाख जमा झाले की पुढच्या रुपयापासून तुमचे २० टक्के सुरू. तुमच्या वाट्यातून असेल तर ७.५ लाख भरून यायला उत्पन्न ३७.५ लाख व्हावं लागतं. तोवर लेबलकडे खर्च परत येऊन वर ३० लाख राहिलेले असतात आणि तुमच्या हातात त्या दीड लाखाशिवाय काही नसतं. मसुद्यात हा फरक दोन-तीन शब्दांचाच असतो, म्हणून लेखी उदाहरण मागा. दहा लाख उत्पन्न झालं तर मला किती, असं ईमेलवर विचारायचं आणि ते गणित परिशिष्ट म्हणून जोडायचं.

खर्चाला मर्यादा घाला: प्रत्येक गाण्यामागे ठराविक रकमेच्या वर जायचं तर तुमची लेखी संमती. लेबलच्याच भावंड कंपनीने व्हिडिओ केला तर बिल बाजारभावाने. एका गाण्याचा तोटा दुसऱ्याच्या कमाईतून वळता करायचा नाही, वसुली गाण्यागणिक. दहापैकी एक चाललं आणि नऊ पडली तर चाललेल्याचे पैसे कुठे जातील ते या ओळीवर ठरतं.

"निव्वळ" ची व्याख्या बंद यादीने करा: वितरकाचं कमिशन आणि कर, बस्स. "इतर प्रशासकीय खर्च" नको. प्लॅटफॉर्मकडून लेबलला मिळणाऱ्या एकत्रित आगाऊ रकमेत आणि किमान हमीच्या रकमेतही तुमचा वाटा लिहून घ्या.

हिशेब दर सहा महिन्यांनी, तिमाही मिळाला तर उत्तम, आणि कालावधी संपल्यापासून ४५ दिवसांत. वर्षातून एकदा सीएकडून वह्या तपासण्याचा हक्क ठेवा. १० टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर तपासणीचा खर्च लेबलचा. रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापला जाईल, पॅन दिलं नाही तर २० टक्के.

मास्टरिंग_डेस्क:

वरच्या दोघांनी मुख्य सांगितलंय. मी गाण्याच्या फाइलींबद्दल सांगते, कारण अडचण बऱ्याचदा तिथून सुरू होते.

करारात तुम्ही हमी देताय की काम शंभर टक्के मूळ आहे, आणि दावा झाला तर नुकसानभरपाई तुमची. त्यामुळे अरेंजर आणि वादकांकडून लेखी ना हरकत आत्ताच घ्या, पैसे पोचल्याच्या उल्लेखासकट. ढोलकी किंवा पॅडचे तयार लूप (विकत मिळणारे, पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) उघडे वाजत असतील तर तेच लूप इतरांच्याही गाण्यांत असतं आणि कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेत, दावे एकमेकांवर आदळतात. अशा लूपची यादी लेबलला आधीच द्या आणि हमीतून ते वगळून घ्या. भरपाईलाही मर्यादा हवी: तुम्हाला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेइतकी.

गाणं स्वीकारण्याची कसोटी "लेबलला समाधानकारक" अशी असेल तर ती "तांत्रिकदृष्ट्या योग्य" करून घ्या, उदा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह. नाहीतर सहा गाणी दिली तरी ती मोजली जाणार नाहीत आणि तीन वर्षांची मुदत लांबत जाईल. तुमचं यूट्यूब चॅनेल व्हाइटलिस्ट करण्याची, म्हणजे दाव्यांतून वगळण्याची, अट नावानिशी लिहा, म्हणजे तुमच्याच मैफलीच्या व्हिडिओवर दावा येणार नाही.

पंचम_नाशिक:

मनापासून आभार. फोनवर विचारलं तर "हा आमचा ठरलेला नमुना आहे, सगळे यावरच सही करतात" असं उत्तर आलं. सगळं एकदम मागितलं तर बोलणंच थांबेल का?

कलमवाला:

सगळं एकदम मागू नकाच. क्रम असा ठेवा. तयार चार गाण्यांसाठी हस्तांतरणाऐवजी परवाना (मालकी तुमचीच, त्यांना फक्त वापरायची परवानगी), ५ ते ७ वर्षांचा. ते नाहीच म्हणाले तर हस्तांतरण द्या, पण मुदत १० वर्षं आणि त्यानंतर हक्क परत. पुढे वसुली एकूण उत्पन्नातून. मग गाणं दिल्यापासून सहा महिन्यांत प्रकाशित न केल्यास ते परत. या तिन्हींवर अडून बसा. नवी सहा गाणी आणि तीन वर्षं यावर मात्र तडजोड होते: दोन गाणी आणि एक वर्ष सुचवा, पुढची मुदत दोघांच्या संमतीने. आगाऊ रक्कम वाढवायच्या भानगडीत पडू नका, ती शेवटी तुमच्याकडूनच वसूल होते.

बोलणं ईमेलवर करा. मसुद्यात बदल दिसतील असे करून पाठवा आणि प्रत्येक बदलापुढे एका ओळीत कारण द्या. मसुदा मनोरंजन क्षेत्रातल्या वकिलाला दाखवा, आणि त्यासाठी आठाचे वीस दिवस मागा. खरंच गाणी हवी असणारं लेबल तेवढं थांबतं.

एक काम आजच करा. तुम्ही आणि तुमच्या मित्राने सहीआधी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी) सदस्यत्व घ्या. सोसायटीला दिलेल्या हक्कांच्या विरोधात नंतर केलेलं हस्तांतरण कलम १९(८) नुसार रद्द ठरतं, म्हणजे तुमचा लेखक-संगीतकाराचा वाटा थेट तुमच्या खात्यात येत राहतो. गायक म्हणून इसाम्राकडे (गायक-वादकांची हक्कसंस्था, आधीची इस्रा) वेगळा अर्ज करा.

मास्टरिंग_डेस्क:

आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांची, प्रत्येक पानावर आद्याक्षरं असलेली प्रत हातात पडेपर्यंत स्टेम्स (आवाज आणि प्रत्येक वाद्याच्या सुट्या फाइली) पाठवू नका. ऐकायला हवं असेल तर एमपी३ पुरे.