मॅटरहॉर्नची हर्न्ली धार दोरांमुळे सोपी होत नाही

आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या स्वित्झर्लंडकडच्या हर्न्ली धारेवर, म्हणजे चढाईच्या नेहमीच्या वाटेवर, कायमचे दोर बसवलेले असल्यामुळे मॅटरहॉर्न आता सोपा झाला आहे, हे मत मला पटत नाही. ४४७८ मीटर उंचीच्या या शिखरावरचे जाड दोर मुख्यतः धारेवरच्या सोल्वे या आपत्कालीन निवाऱ्याच्या (४००३ मीटर) वरच्या टप्प्यात आहेत. खरी कसोटी मात्र त्याखालीच लागते, कारण धार सोडून पूर्व अंगाला थोडे जरी सरकले तरी पायाखाली सुटे दगड येतात आणि आपल्या पायाने सुटलेला दगड खालून येणाऱ्यांच्या अंगावर जातो. नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांना खोबण्या आहेत, हात कुठे घालायचा हे ठरलेले असते. इथे प्रत्येक पकड आधी ठोकून पाहावी लागते. १४ जुलै १८६५ रोजी पहिली चढाई करणाऱ्या सातांपैकी चौघे उतरतानाच कोसळले, हेही लक्षात घ्यावे. इटलीकडची लायन धार अधिक अवघड मानली जाते, आणि १९३१ मध्ये श्मिड बंधूंनी सर केलेली उत्तर भिंत तर आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणून नाशिकहून जाऊ इच्छिणाऱ्यांनी अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या परिसरात, जाणकारांच्या देखरेखीखाली, दोघांनी एका दोरात बांधून न थांबता चढण्याचा आणि विशेषतः त्याच सफाईने उतरण्याचा सराव आधी करावा.